सुमे, हे तुलाच कळेल

प्रिय सुमे,

इतके महिने पत्र नाही म्हणून रागावली असशील. राग तसाच जपून ठेव, भेटलो की सवडीने भांडू. माझी पाठ बरी आहे. आईचा गुडघा जैसे थे. आता मुद्द्याचं.

शनिवारी वाचनालयात मुलांना गोष्ट वाचून दाखवत होते. (हो, अजून तेच करते. नाक मुरडू नकोस.) हल्ली एक नवा मुलगा येतोय, सात वर्षांचा, दोन्ही कानांना मशीन. शैलाताईंनी लगोलग एक चित्रपुस्तक पैदा केलं. मशीन लावणारी मुलगी, आधी तिला कुणी खेळायला घेत नाही, मग सगळ्यांना साक्षात्कार होतो की ती आपल्यासारखीच आहे, आणि शेवटच्या पानावर सगळे हातात हात घालून उभे. मी वाचलं, मुलांनी डोळे मोठे करून ऐकलं. पुस्तक मिटलं मात्र, अख्खी पलटण त्याच्याकडे वळली. एकीने त्याची पिशवी उचलली, एकाने स्वतःची जागा देऊ केली, आणि ओंकारचा धाकटा (हुबेहूब बापावर गेलाय) त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडला, "तू मा-झा मि-त्र हो-शी-ल का?"

त्या पोराने काय केलं असेल? केस मागे सारल्यासारखा एक हात कानामागे नेला, मग दुसरा, आणि दोन्ही मशीनं बंद केली. चेहऱ्यावर गोड हसू, आणि मान डोलवणं चालूच!

मला फस्सकन हसू फुटलं. शैलाताईंना वाटलं, मला गहिवरून आलं. आता त्यांना कसं सांगू, की इतिहासाच्या तासाला तू वर्षभर हेच केलंस आणि वर 'लक्षपूर्वक ऐकणारी विद्यार्थिनी' म्हणून बक्षीस घेऊन आलीस!

हसणं ओसरल्यावर मात्र डोक्याला भुंगा लागला, तो अजून सुटलेला नाही. मुलं वाईट वागली नाहीत गं. पुस्तकात जे सांगितलं, तेच त्यांनी केलं. तिथेच तर पंचाईत आहे. तो गोष्ट ऐकायला आला होता आणि इतरांचा धडा होऊन बसला. त्याच्याशी प्रेमाने वागायचं हे सगळ्यांना कळलं, पण त्याला डायनासोर आवडतात का, तो चिडका आहे का, खेळताना लबाडी करतो का, हे कुणालाच विचारावंसं वाटलं नाही.

सगळे पांगल्यावर तो पुस्तक घेऊन माझ्याकडे आला. एका पानावर बोट ठेवलं: "इथे हिचं मशीन डाव्या कानाला आहे." पान उलटलं. "आणि इथे उजव्या." मी पाहिलं, तर खरंच. बाईसाहेबांचं मशीन पुस्तकभर या कानावरून त्या कानावर हिंडतंय. सगळं पुस्तक मशीनबद्दल, आणि ते कुठल्या कानाला आहे हे चित्रकाराने पाहिलंच नाही! पोरगा जाम खूश. पूर्ण तासात त्याला आवडलेली गोष्ट ही एवढीच.

रुडीन सिम्स बिशप या अमेरिकन अभ्यासक बाईंनी 1990 मध्ये लिहिलं होतं ते तुला मी मागे ऐकवलंय: मुलांसाठी पुस्तक कधी दुसऱ्यांचं जग दाखवणारी खिडकी असतं, कधी स्वतःला दाखवणारा आरसा, कधी त्या जगात शिरायचं सरकतं दार. आमचं हे पुस्तक बाकीच्यांची खिडकी झालं. त्याच्यासाठी आरसा म्हणावं, तर आरशात डावं-उजवं उलटं दिसतं हे मान्य, पण पानागणिक?

मला खरं तर एझ्रा जॅक कीट्सच्या 'द स्नोई डे'सारखं काहीतरी हवंय. 1962 चं पुस्तक. लाल कपड्यातला एक काळा मुलगा बर्फात खेळतो, काठीने झाडावरचा बर्फ पाडतो, बर्फाचा गोळा खिशात घालून घरी नेतो आणि तो वितळतो. बस. त्याच्या रंगाबद्दल मजकुरात अक्षर नाही. त्यावरूनही तेव्हा टीका झाली, की उल्लेख का टाळला. टीका अगदीच अनाठायी होती असं मी म्हणणार नाही. पण त्या मुलाची चिंता त्याच्या खिशातल्या गोळ्याची आहे, इतरांनी आपल्याला स्वीकारावं याची नाही, आणि वाचणारं पोर कुठलंही असो, त्याला त्या गोळ्याचंच वाईट वाटतं.

शैलाताई म्हणतात, मग प्राण्यांच्या गोष्टी घ्या, कुणालाच लागणार नाही. मी त्यांना टोरांटोचा 2017 चा प्रयोग सांगितला. चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची गोष्ट वाचून दाखवली, काहींना माणसांची, काहींना तीच रॅकूनची. नंतर स्वतःचे स्टिकर दुसऱ्या मुलाला द्यायची वेळ आली, तेव्हा माणसांची गोष्ट ऐकलेल्यांचा हात सैल झाला, रॅकूनवाल्यांचा नाही. शैलाताई म्हणाल्या, "रॅकून आपल्याकडे असतो कुठे?" यावर काय बोलणार!

आणि प्राण्यांवरून आठवलं, 'रेनबो फिश'बद्दल माझं मत अजून बदललेलं नाही. त्या माशाने चमकते खवले वाटून टाकले तेव्हाच त्याला मित्र मिळाले. ही खंडणी आहे, सुमे. तू कितीही 'अगं, मनाचा मोठेपणा' म्हण.

जॅकलिन वुडसनचं 'ईच काइंडनेस' मी पुढच्या यादीत घातलंय. त्यात वर्गातली नवी मुलगी एकटी पडते, जुने कपडे घालते म्हणून हसं होतं तिचं, आणि जिला पुढे पश्चात्ताप होतो तिला माफी मागायची संधीच मिळत नाही, कारण ती मुलगी गाव सोडून गेलेली असते. शैलाताईंचं म्हणणं, शेवटी दोघी भेटतात असं तोंडी जोडून सांगा. मी मेले तरी जोडणार नाही.

तुझी बढती कळली, अभिनंदन! नवं घर झकास असणारच. मनोजचं नक्की काय ठरलं ते लिहून कळव, फोनवर तू गुळमुळीत बोलतेस.

आता माझा पेच सोडव. ते मशीनचं पुस्तक मला कपाटातून काढून टाकायचंय. पण काढलं, तर कानाला मशीन असलेलं एकही पोर आमच्या कपाटात उरत नाही. ठेवलं, तर दर नव्या तुकडीला कुणीतरी ते हौसेने वाचून दाखवणार आणि त्याची पिशवी पुन्हा उचलली जाणार. त्यालाच विचारावं म्हटलं, तर पुन्हा त्याला त्याच खुर्चीत बसवल्यासारखं होतं. सात वर्षांच्या सुमीने काय सांगितलं असतं? आताच्या सुमीचं शहाणपण नको, ते मला पाठ आहे.

शुक्रवारच्या आत उत्तर दे. शनिवारी शैलाताईंना काहीतरी सांगावं लागणार, आणि माझं त्या ऐकत नाहीत. तुझं नाव घेतलं तर ऐकतील, अजून तुला टरकून असतात.

तुझी,
मंजू