विजेते गायब होत नाहीत

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

टीव्हीवरचे विजेते नंतर कुठं गायब होतात, असं तुमच्या पुरवणीत वाचलं आणि खरं सांगतो, लई वाईट वाटलं. अभिजीत सावंत 2005 ला पहिला इंडियन आयडॉल झाला, त्याच वर्षी ‘आपका अभिजीत सावंत’ अल्बम आला, तेव्हा मी नवी पेठेतनं कॅसेट आणली होती आणि आमच्या यंत्रमागाच्या खडखडाटात टेप फुल आवाजात लावायचो, शेवटी तिची रीळ गुंतली, पेन्सिल घालून गुंडाळत बसलो होतो.

2007 ला ‘जुनून’, मग 2013 ला ‘फरिदा’. म्हणजे माणूस गातच होता ना! पण मधल्या काळात कॅसेट गेली, सीडी गेली, गाणी मोबाईलवर फुकट मिळायला लागली, अल्बम विकत घेणारं कोण राहिलं? आणि चॅनेलला दरवर्षी नवा विजेता पाहिजे, जुन्याला कोण विचारतंय. 2024 ला बिग बॉस मराठीत उपविजेता झाला तेव्हा परत सगळ्यांना आठवला, ते पण गाण्यामुळं नाही, याचं जास्त वाईट वाटतं.

पुरवणीत त्याच्या अल्बमांवर एकदा नीट लिहा.

एक वाचक, सोलापूर