कटऑफ वाचताना लेकरांच्या शेजारी कोण बसणार?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

सेलूला (जि. परभणी) माझं ई-सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचे दाखले, पीकविमा, पॅनकार्ड ही कामं बारा महिने चालूच असतात, पण इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची सीईटी असते, तिचा निकाल लागला की दुकानात सगळी बारावी सायन्सची लेकरं आणि त्यांचे आईबाप. आणि प्रश्न ठरलेला, "दादा, 92 पर्सेंटाइल हाय, पुण्याला कॉम्प्युटर लागंल का?" या प्रश्नाचं उत्तर 92 या आकड्यात नाहीच हे समजून सांगायला मला दरवेळी अर्धा तास लागतो, आणि मागं रांगेत वीस जण उभे असतात. म्हणून हे पत्र.

हिशोब बघा. पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुपची सीईटी राज्यातून चार लाखाच्या वर लेकरं देतात. 95 पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या पुढं साधारण 20 हजार जण, आणि 90 असेल तर 40 हजार. बापाला वाटतं पाचाचाच तर फरक आहे, पण त्या पाचात 20 हजार लेकरं बसलेली असतात. बरं त्यातले सगळेच काही कॅपला, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेश प्रक्रियेला, रजिस्ट्रेशन करत नाहीत, कोणी जेईई या देशपातळीच्या परीक्षेतून जातं, कोणी दुसऱ्या कोर्सला, त्यामुळं खरी जागा कळते ती मेरिट लिस्ट लागल्यावर. कटऑफच्या, म्हणजे कुठल्या कॉलेजात शेवटची जागा कुठल्या नंबरला गेली त्याच्या, पीडीएफमधे प्रत्येक चौकटीत वर हा मेरिट नंबरच छापलेला असतो आणि पर्सेंटाइल त्याच्या खाली कंसात असतं. सगळेजण कंसातलंच वाचतात. आपला मेरिट नंबर आला की मागच्या दोन-तीन वर्षांच्या याद्या काढून वरचा आकडा जुळवून बघा, अंदाज बराच जवळ येतो.

त्याहून मोठी चूक कॉलमची होते. GOPENH, LOBCO असली अक्षरं बघून माणूस घाबरतो आणि पहिला दिसेल तो आकडा धरतो. पहिलं अक्षर जी म्हणजे जनरल, एल म्हणजे मुलींसाठीची जागा, मधे प्रवर्ग, आणि शेवटचं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्यस्तर. पुणे विद्यापीठाच्या खाजगी कॉलेजात 70 टक्के जागा तिथल्या लेकरांना आणि 30 टक्के बाहेरच्यांना. बारावी जिथून पास झाली तिथलं विद्यापीठ होम धरतात, म्हणजे आमच्या परभणी जिल्ह्यातल्या लेकराचं होम नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ, पुण्यात ते 'ओ' मधे मोडतं. पण व्हॉट्सॲपवर फिरणारी यादी 'एच' ची असते, लेकरू खुश होऊन येतं आणि मला त्याला खरं सांगावं लागतं. पुण्याच्या सीओईपी या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजला राज्यस्तराच्या जागा आहेत, तिथं एस बघायचं.

हीच गोष्ट जेईईवाल्यांची. नागपूरच्या व्हीएनआयटी या केंद्र सरकारच्या इंजिनिअरिंग संस्थेत निम्म्या जागा महाराष्ट्राच्या लेकरांना आहेत, पण तिथंही बारावी कुठल्या राज्यातून पास झाली ते बघतात. आमच्या नांदेड भागातली कितीतरी लेकरं अकरावी-बारावीला हैदराबादला जातात, आणि तिथून बारावी पास झालं की हा हक्क जातो हे घरच्यांना ॲडमिशन घेताना कोणी सांगतच नाही. दोन वर्षांनी कळून काय उपयोग.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. 2025 ला कॅपच्या चार फेऱ्या झाल्या आणि नियम बदलला. पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम लागला की सीट आपोआप फ्रीज, म्हणजे तीच पक्की आणि पुढच्या फेऱ्या बंद, दुसरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी. आमच्या जवळच्याच एका खेड्यातलं पोरगं, वडील मोंढ्यात हमाली करतात, पोराला 93 पर्सेंटाइल. त्याला कोणीतरी सांगितलं की एक नंबरला सेफ कॉलेज टाक, म्हणजे हातचं जाणार नाही. त्यानं तसंच टाकलं आणि मनातलं नांदेडचं एसजीजीएस इंजिनिअरिंग कॉलेज खाली चौथ्या नंबरला. फॉर्म माझ्याच दुकानात भरला, कन्फर्मचं बटन मीच दाबलं. पहिल्याच फेरीत एक नंबर लागला, वडील पेढे घेऊन आले. दुसऱ्या फेरीला पोरगं परत आलं तर लॉगिन मधे काहीच करता येईना. त्याच्या मागच्या मेरिट नंबरच्या मित्राला पुढच्या फेरीत एसजीजीएस लागलं. पोरगं बराच वेळ स्क्रीनकडं बघत बसलं आणि एवढंच म्हणालं, "दादा, एक नंबर खोडता नाही येणार का?" ते माझ्या डोक्यातून जात नाही. त्या दिवशी मी पाच मिनिटं थांबून त्याला विचारायला पाहिजे होतं की बाबा तुला खरंच कुठं जायचंय. आता मी प्रत्येकाला आधी हे विचारतो आणि मगच कॉम्प्युटरला हात लावतो. पाहिजे ते वर, सेफ सगळ्यात खाली, 300 पर्यंत ऑप्शन टाकता येतात, जागेची काटकसर कशाला.

मुलींचं अजून एक. घरचे मेरिट नंबर बघायच्या आधीच फी बघतात आणि चांगलं कॉलेज यादीतून काढून टाकतात. 2024 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीच्या मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखाच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अजून कितीतरी आयांना हे माझ्या काउंटरवर पहिल्यांदा कळतं. आणि नॉन क्रीमीलेअर, जातीची व्हॅलिडिटी हे दाखले वेळेत काढा, ते नसलं की लेकरू ओपनमधे जातं आणि सगळा अंदाज कोलमडतो.

सुविधा केंद्रावर कागद तपासून देतात, पण "तुझा नंबर हा, तुझा कॉलम हा, एवढी शक्यता आहे" असं शेजारी बसून सांगणारं तालुक्याला कोणी नाही. शहरातली लेकरं पैसे देऊन कौन्सेलर लावतात. आमच्या ज्युनियर कॉलेजांनी सीईटीचा निकाल लागल्यावर एक दिवस फक्त यासाठी ठेवावा, गणिताच्या सरांना हे एका दुपारी समजेल असं आहे.

आणि आपल्याला विनंती, निकालाच्या वेळी टॉपरचे फोटो छापता ते छापाच, पण परभणी, हिंगोली, नांदेड, लातूरच्या आवृत्तीत अर्धं पान कटऑफच्या एका खऱ्या पानाचं छापा, कुठल्या अक्षराचा काय अर्थ ते बाण काढून दाखवा, आणि ऑप्शन फॉर्म सुरू व्हायच्या आधी छापा. त्या दिवशीचे 50 अंक मी विकत घेईन आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येक लेकराच्या हातात देईन.

– एक ई-सेवा केंद्रचालक, सेलू, जि. परभणी