आईची खाट पडवीत आणा

लीड्स, १४ ऑगस्ट

ती. दादा आणि सौ. वहिनी यांस,
साष्टांग नमस्कार.

दादा, काल तू म्हणालास की गोव्याच्या डॉक्टरांच्या मते आईच्या गुडघ्याचा नवा सांधा छान बसलाय, टाके सुकलेत, एक्स-रेही चांगला आहे. तरी आई रात्र रात्र कण्हत असते, म्हणजे हे बहुतेक मनाचंच. फोनवर आई शेजारी ऐकत होती म्हणून मी गप्प बसले. आता सविस्तर लिहिते.

आईचं दुखणं खरं आहे. नवीन गुडघा बसवल्यावर कित्येक आठवडे दुखतं, आणि रात्री जास्त दुखतं. गुडघ्याकडून निघालेली कळ मणक्यातून मेंदूपर्यंत जाते, आणि वाटेत ती वाढते तरी किंवा कमी तरी होते. झोप झालीय का, भीती वाटतेय का, जवळ कोण आहे, या सगळ्याचा त्यात हात असतो. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा शरीर, मन आणि भोवतालची माणसं या तिन्हींचा परिणाम त्यात धरला. आणि माणूस दुखतंय म्हणाला तर त्याचा शब्द मानावा, असंही लिहिलं. इथे पेशंटांचे व्यायाम घेताना मी हे रोज बघते. म्हणून आईसमोर ‘मनाचं आहे’ हे पुन्हा म्हणू नकोस. ती मग बोलायचीच थांबेल.

तुम्ही तिला आतल्या खोलीत ठेवलंत, त्यामागची माया मला कळते. गडबड नको, कोणी उठवायला नको. पण दिवसभर त्या खोलीत तिला काय आहे? भिंत, पंखा आणि गुडघा. जन्मभर ज्या बाईने खळ्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारली, तिला हे कसं सोसवेल?

२००६ साली अमेरिकेत जेम्स कोन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. सोळा विवाहित बायकांना एमआरआयच्या नळीत झोपवलं आणि पायाला विजेचा हलका झटका बसू शकतो असं सांगितलं. कधी नवऱ्याचा हात हातात, कधी परक्याचा, कधी कोणाचाच नाही. नवऱ्याचा हात धरलेला असताना मेंदूतली धोक्याची खळबळ सगळ्यात कमी झाली. परक्याच्या हातानेही थोडी कमी झाली. ज्यांचा संसार गोडीचा, त्यांना नवऱ्याच्या हाताने जास्त उतार पडला. धोका होता तेवढाच होता, सोबत तेवढी बदलली होती.

वहिनी, तुमचं आणि आईचं किती गूळपीठ आहे हे आख्ख्या वाडीला माहीत आहे. गुडघा वाकवायचा व्यायाम सुरू असताना तुम्ही उशाशी बसा आणि तिचा हात धरा. समजूत घालायची गरज नाही. पाय दादा धरेल.

मला सगळ्यात धीर आला तो २००९ च्या एका अभ्यासाने. कॅलिफोर्नियात काही बायकांच्या हाताला गरम चटके दिले आणि त्या वेळी समोर जोडीदाराचा नुसता फोटो ठेवला. तेवढ्यानेही चटका कमी जाणवला. आपला बाबांसोबतचा देवबागचा फोटो कपाटातून काढून आईला दिसेल असा लावा. आणि संध्याकाळच्या व्यायामाला मला व्हिडिओ कॉल करत जा. तेव्हा इथे दुपार असते, मी जेवणाची सुट्टी तेव्हाच घेईन.

आता थोडं कडू लिहिते. सोबत म्हणजे उठता-बसता ‘दुखतंय का गं’ असं विचारणं नव्हे. १९८० च्या एका अभ्यासात जुनाट दुखण्याच्या पेशंटांना सांगितलं की काचेपलीकडून तुमचा जोडीदार बघतोय. ज्यांचे जोडीदार फार कुरवाळणारे होते, त्यांनी दुखणं जास्त सांगितलं. त्यांनाच हॉस्पिटलचा कर्मचारी बघतोय असं सांगितल्यावर कमी. ती माणसं खोटं बोलत नव्हती. पण सतत विचारत राहिलं की लक्ष तिथेच खिळून राहतं. शिवाय सगळी कामं हातातून काढून घेतली की माणूस आजारीच उरतो. आईला विळीवर खाली बसता येणार नाही, तर टेबलाला लावायची खोवणी मालवणच्या बाजारात मिळते ती आणा. खुर्चीत बसून नारळ खोवू दे, झाडूसाठी हीर काढू दे. चतुर्थी जवळ आली आहे, मोदकांच्या पाऱ्या तिच्याशिवाय कोणाच्या जमतात?

तिची खाट पडवीत आणा. शेजारची काकू येता-जाता ‘काय गो, बरा वाटता मां आता?’ म्हणेल, दोन गाऱ्हाणी सांगून जाईल. काकूचं विचारणं एकदाच असतं, लगेच ती बाजारातल्या बांगड्यांच्या भावावर येते, ते चांगलंच आहे. आणि आरतीला तिला टाळ द्या. ऑक्सफर्डच्या संशोधकांना आढळलं की एकत्र वल्ही मारल्यावर माणसं एकट्याने मारल्यापेक्षा जास्त दुखणं सोसतात. दोन्ही वेळी मेहनत तेवढीच होती. बाबा रापणीचं जाळं ओढून यायचे तेव्हा दोराने तळवे सोललेले असायचे आणि ते त्यांना घरी आल्यावर, हात धुताना कळायचं. आठवतंय ना?

गोळ्या मात्र वेळेवर द्या, सोबत ही गोळ्यांच्या जोडीला. पोटरी सुजून दुखायला लागली, ताप आला किंवा जखमेतून पाणी आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर लगेच गाडी काढा.

मला चतुर्थीला येणं जमत नाही, डिसेंबरची रजा मिळाली आहे. आईला ते तुम्हीच सांगा, आणि खाट हलवायला शेजारच्या मुलांना बोलवा, दादा एकट्याने उचलू नकोस.

तुमची,
सुमी