महिनाभराच्या तापात गाव विचारा

संपादक महोदय,

सहा आठवडे ताप अंगावर काढलेला बावीस वर्षांचा मुलगा आमच्या प्रयोगशाळेत आला होता. मूळचा बिहारमधल्या सारण जिल्ह्याचा, पनवेलला इमारतीवर सेंट्रिंगचं काम करणारा. मलेरिया, टायफॉइड, मग टीबीची शंका, असं सगळं करून झालं होतं. मुकादमाकडून घेतलेली उचल त्यातच संपलेली. हातापायांच्या काड्या, पोट पुढे आलेलं. प्लीहा, जुनी माणसं जिला पाणथरी म्हणायची, बेंबीपर्यंत वाढलेली. अस्थिमज्जेच्या काचपट्टीवर पेशींच्या आत बारीक ठिपके दिसले: प्रत्येकात एक गोल दाणा, शेजारी आखूड काडी. लीशमन आणि डोनोव्हन यांनी 1903 मध्ये नोंदवलेला हा परजीवी पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदाच पाहत होते. कालाआजार!

बिहारच्या सरकारी केंद्रांत या रोगाचं औषध मोफत आहे आणि सलाइनमधून एका दिवसात देऊन होतं. ते न मिळालेला रुग्ण सहसा वाचत नाही. म्हणजे एका दिवसाच्या औषधासाठी या मुलाचे सहा आठवडे गेले, कारण 'गाव कुठलं?' हे कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं, तर बिहारचं नाव ऐकून कालाआजाराची शंका आली असती, आणि तो ओळखणाऱ्या, बोटातल्या थेंबभर रक्तावर होणाऱ्या आरके-39 या चाचणीपट्टीने पंधरावीस मिनिटांत दिशा मिळाली असती.

हा रोग सँडफ्लाय पसरवते. चांदीपुरा तापामुळे तिचं नाव आपल्याकडे ऐकिवात आहे. डासाहून लहान ही माशी मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलीत राहते, म्हणून बिहार-झारखंडात घरोघरी भिंती फवारतात. त्या फवारणीचं आणि आशाताईंच्या पायपिटीचं फळ मोठं आहे. 2007 मध्ये देशात 44 हजारांवर रुग्ण होते, 2023 मध्ये सहाशेच्या आत आले. पण रुग्ण कमी झाले की डॉक्टरांच्या डोक्यातून रोगाचं नावही जातं, याची मला धास्ती वाटते.

शिवाय, बरे झालेल्यांपैकी काहींच्या चेहऱ्यावर, अंगावर पुढे कधीतरी फिकट डाग उठतात. ते बधिर नसतात, तरी कुष्ठरोग समजून उपचार होतात. रुग्णाला त्रास नसतो, पण त्याला चावलेली माशी रोग पुढे नेऊ शकते.

आरोग्य विभागाला माझी विनंती आहे: मजूरवस्त्यांजवळच्या ग्रामीण रुग्णालयांत या पट्ट्या ठेवा आणि केसपेपरवर मूळ गावाचा रकाना भरायला लावा. मात्र त्या रकान्यावरून कोणाला कामावरून काढू नये. हा रोग शिवल्याने, जवळ बसल्याने लागत नाही.

तो मुलगा गावी जाऊन उपचार घेऊन आला. येताना माझ्यासाठी सत्तू घेऊन आला होता.

— एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, पनवेल