काकूंच्या ओळीला हात न लावणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव घालू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून घालत नाही. जाहीर लिहू नका असं मात्र म्हणाला नव्हतात, तेवढी पळवाट मी घेतेय. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो, त्यात काय" म्हणता आणि विषय तुरीच्या भावावर नेता. इथे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

वाचणाऱ्यांना थोडं मागचं सांगते. आम्ही निलंगा तालुक्यातल्या बायका. बचत गट आहे. तूर आमच्याच शिवारातली, डाळ जात्यावर भरडतो, पॉलिश करत नाही. मुंबई-पुण्याच्या प्रदर्शनात स्टॉल लावला की टेबलावर एक वही ठेवतो. ज्याला पुढच्या वर्षीही डाळ हवी तो त्यात नाव, फोन, ईमेल लिहून जातो. वर्षाची डाळ एकदाच भरून ठेवणारी ही माणसं. त्यातली कितीतरी आपलीच, लातूर-उदगीर-अहमदपूर सोडून तिकडे नोकरीला गेलेली. नवी डाळ तयार झाली की त्यांना एक ईमेल जावं, त्यात भाव असावा, मागवायचं कसं ते असावं, बस. व्हॉट्सॲपवर टाकून बघितलं होतं, पण शुभ सकाळच्या फुलांखाली आमची डाळ कुणाला दिसेना.

एवढ्या साध्या कामाचं आधी काय मातेरं झालं, ते सांगितल्याशिवाय तुमची किंमत लोकांना कळायची नाही. आम्ही एका शहरातल्या एजन्सीकडे गेलो होतो. काचेचं ऑफिस, अंगावर शहारा येईल असा एसी, आणि दर दोन वाक्यांमागे 'ब्रँड स्टोरी'. ॲडव्हान्स आधी घेतला. मग जे ईमेल बनवलं ते म्हणजे एक भलंमोठं चित्र. नऊवारीतली एक गोरीपान बाई, डोक्यावर टोपली, मागे हिरव्यागार टेकड्या. तूर काढायच्या दिवसांत निलंग्याला एवढं हिरवं कुणी दाखवावं, मी त्याला वर्षभराची डाळ फुकट देते. सगळा मजकूर त्या चित्राच्या आत. ज्याच्या मेलमध्ये चित्रं आपोआप उघडत नाहीत त्याला पांढरा चौकोन दिसला. चित्राबाहेर जी चार ओळींची मराठी होती ती युनिकोड नसलेल्या कुठल्याशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली, त्यामुळे लोकांच्या फोनवर इंग्रजी अक्षरं आणि टिंबांची खिचडी उमटली. वर कहर म्हणजे आमच्या वहीतल्या माणसांच्या जोडीला कुठूनतरी विकत आणलेले हजारो पत्ते. ज्यांनी आमचं नावही कधी ऐकलं नव्हतं त्यांनी पटापट स्पॅमचं बटण दाबलं. त्यांचं काय चुकलं? पण त्याचा परिणाम असा झाला की आमच्या रोजच्या गिऱ्हाइकांना साधं बिल पाठवलं तरी तेही स्पॅममध्ये जाऊन पडायला लागलं.

विचारायला गेलो तर उत्तर आलं, "मॅडम, डिजिटलमध्ये रिझल्टला वेळ लागतो." आमच्या गटातल्या काकूंनी तिथे सांगायचा प्रयत्न केला की लोक डाळीबद्दल आम्हाला नेमकं काय विचारतात. तर तो मुलगा लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, "आजी, तुम्ही पॅकिंगचं बघा."

काकू परतीच्या एसटीत काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं आम्हाला माहीत आहे, म्हणून पैशापेक्षा ते जास्त लागलं.

मग तुमचा फोन आला. तुमचं नाव आमच्या वहीत होतं, तुम्ही स्टॉलवरून डाळ नेली होती. ते चित्र तुम्हालाही गेलेलं. तुम्ही स्पॅमचं बटण दाबलं नाहीत, वहीत तुमचा नंबर होता तसा आमचाही डाळीच्या पिशवीवर होता, तो शोधून फोन केलात. "तक्रार नाही करत, विचारतेय. हे तुम्हीच पाठवलंय का? कारण तुम्ही स्टॉलवर असं बोलत नव्हता." मला तर काय बोलावं ते सुचेना. तुम्ही उदगीरच्या, नोकरी पुण्यात, आणि कामही नेमकं हेच, कंपन्यांची ईमेलं लिहिण्याचं, हे मला त्या फोनच्या शेवटी कळलं.

पुढचं सगळं इथे सांगत बसत नाही. दर रविवारी रात्री तुमची जेवणं उरकल्यावर कॉल, आम्ही गच्चीवर कारण खाली रेंज नाही, आणि एक सामायिक मसुदा ज्यात प्रत्येकीचा रंग वेगळा. ज्या टाइप करत नाहीत त्यांनी बोलून लिहायचं. मला आवडलं ते हे की तुम्ही पहिल्या दिवशी काहीच लिहून दिलं नाहीत. "स्टॉलवर समोर आलेल्या बाईला काय सांगता, तेच सांगा" म्हणालात आणि गप्प बसलात. आम्ही बोलत राहिलो, तुमचा कीबोर्ड तेवढा वाजत होता.

तुम्ही जे शिकवलं त्यातलं थोडं लिहिते, कारण आमच्यासारखे गट बरेच आहेत आणि तशा एजन्स्याही बऱ्याच. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी नियम कडक केले आहेत. जीमेलवर दिवसाला ५०००च्या वर मेल पाठवणाऱ्यांच्या स्पॅम-तक्रारी हजारात तीनच्या खाली राहिल्या पाहिजेत, आणि यादीतून नाव काढायची सोय एका क्लिकवर हवी. हे आम्हाला ॲडव्हान्स घेणाऱ्यांनी सांगायला हवं होतं, सांगितलं तुम्ही, फुकट. दुसरं असं की मेलचा कोड १०२ केबीच्या वर गेला की जीमेल ते मध्येच तोडतं. देवनागरीतलं एकेक अक्षर इंग्रजीच्या तिप्पट जागा खातं, त्यात वर्डमधून मजकूर चिकटवला की त्याच्यासोबत न दिसणारा कचरा येतो. 'यादीतून नाव काढा' ही ओळ असते सगळ्यात खाली, म्हणजे तोडलेल्या भागात. ज्याला बाहेर पडायचंय त्याला दार सापडत नाही, मग तो स्पॅम दाबतो. हे ऐकल्यावर आमच्या गटाच्या अध्यक्षांनी स्वतःचा मनोगताचा परिच्छेद स्वतःच्या हाताने काढला, ही घटना आमच्याकडे इतिहासात नोंदवली जाईल.

किती जणांनी मेल उघडलं या आकड्यावर आम्ही नाचायला निघालो होतो, तर तुम्ही थांबवलंत. तो आकडा आतली चित्रं उतरली की मोजला जातो, आणि २०२१ पासून ॲपलच्या मेलमध्ये माणसाने पत्र उघडायच्या आधीच आतली चित्रं उतरवून घेतली जातात, त्यामुळे तो आकडा फुगतो. "उत्तरं किती आली ते मोजा," म्हणालात. आणि उत्तरं येणार कुठे? त्या एजन्सीने पाठवणाऱ्याचा पत्ता असा ठेवला होता की उत्तर दिलं तर ते कुणाकडेच जाणार नाही. तो तुम्ही पहिल्यांदा बदलायला लावलात. दोन वेगवेगळ्या विषय-ओळी अर्ध्या-अर्ध्या लोकांना पाठवून बघू, असं मीच कुठेतरी वाचून सुचवलं होतं, तेव्हाही तुम्ही हसून सांगितलंत की एवढ्याशा यादीवर तसा निकाल लावता येत नाही, चार माणसं इकडची तिकडे झाली की सगळं उलटं दिसतं. जी ओळ काकू फाटकातून ओरडून सांगतील ती ठेवा. आम्ही ठेवली: 'यंदाची तूरडाळ तयार आहे, भाव आत लिहिलाय.'

मानांकनाचंही सांगायलाच हवं. २०२४ मध्ये आमच्या तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन, म्हणजे मालाची ओळख त्याच्या गावाशी जोडणारी सरकारी नोंद, मिळालं, पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कास्ती कोथिंबिरीलाही. आम्हाला अभिमान आहेच. त्या एजन्सीने आम्हाला न विचारता चित्राच्या कोपऱ्यात मानांकनाचा शिक्का चिकटवून टाकला होता. तुम्ही विचारलंत, तुमचा गट अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेला आहे का? नाही. मग तो शिक्का आपला नाही, असं तुम्ही सरळ म्हणालात. शिक्का गेला. त्याने दोन ऑर्डरी कमी आल्या असतील तर येवोत.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते.

मसुद्यात सगळ्यात शेवटी काकूंची एक ओळ होती. त्यांनी बोलून लिहिलेली, फोनने अर्धी चुकीची टिपलेली, मग त्यांच्या नातीने दुरुस्त केलेली. 'आम्ही डाळ दोनदा निवडली आहे, तरी तुम्ही एकदा निवडून घ्या. खडा निघाला तर फोन करून रागवा.'

आम्ही सगळ्यांनी मिळून ती काढायचं ठरवलं होतं. विकायला बसलोय आणि आपणच खड्याचं नाव काढायचं? पण कुणी काढेना, कारण काकूंना सांगायचं कुणी. म्हटलं, रविवारी ताईच काढतील, परक्या माणसाने काढलं की वाईट वाटत नाही. रविवारी संध्याकाळी मसुदा उघडला तर त्या ओळीशेजारी तुमची टीप: 'या ओळीला कुणी हात लावायचा नाही.'

एवढ्यावर थांबला असतात तरी पुरे होतं. पण रात्री कॉलवर तुम्ही आधी काकूंना बोलावलंत. काकू पदराला हात पुसत गच्चीवर आल्या. तुम्ही म्हणालात, "काकू, तुमची ओळ खाली आहे, फोनवर तिथपर्यंत सगळे पोचत नाहीत. वर आणू का? तुम्ही हो म्हणालात तरच."

गच्चीवर आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघायला लागलो. काकूंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "वर नको माय. आधी भाव सांगावा. भाव न सांगता खड्याचं सांगितलं, तर लोक म्हणतील ह्यांच्या डाळीत खडेच हायेत."

तुम्ही दोन क्षण गप्प. मग म्हणालात, "बरोबर आहे. भावाच्या लगेच खाली ठेवू?" काकू म्हणाल्या, "हां, तिथं शोभंल." आणि ती तिथे गेली.

ताई, तुमच्याकडे पंधरा वर्षांचा अनुभव. ओळ उचलून वर टाकायला तुम्हाला एक सेकंद लागला नसता आणि आमच्यापैकी कुणी चकार शब्द काढला नसता. तुम्ही विचारलंत. बरं, मान द्यायचा म्हणून नुसतं विचारलंत असंही नाही. काकूंनी नाही म्हटल्यावर ते ऐकलंतही, आणि त्यांचं कारण तुमच्यापेक्षा बरं आहे हे कबूल केलंत. ज्या बाईला पॅकिंगचं बघायला सांगितलं गेलं होतं, तिला त्या रात्री तिच्या स्वतःच्या वाक्याची जागा विचारली गेली. दुसऱ्या दिवशीपासून काकू रोज विचारतात, "आपलं पत्र कधी निघायचंय?" याआधी त्या 'तुमचं ते ईमेल' म्हणायच्या.

माणूसकी म्हणजे फार मोठं काही करावं लागतं असं आपल्याला उगीच वाटतं. आमच्या लातूरने मोठ्या मदतीही बघितल्यात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला टाक्यांचे दहा डबे, म्हणजे वाघिणी, पाच लाख लिटर. फोटो काढून घ्यायला स्टेशनवर कोण कोण आलं ते सगळ्यांनी बघितलं. मी तेव्हापासून विचार करते तो राजस्थानातल्या कोट्याच्या रेल्वे कारखान्यातल्या कामगारांचा. पिण्याचं पाणी भरायचं म्हणून त्या वाघिणी त्यांनी आतून साफ करून दिल्या होत्या. लातूर कुठे आहे हे त्यांच्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल? कुणी तपासायला येणार नव्हतं, तरी काम नीट केलं. अशी माणसं असतात म्हणून गाडं चालतं, आणि ज्यांचं नाव बोर्डावर असतं त्यांचंही चालतं ते याच माणसांच्या जिवावर. असो, मी फार लांब गेले. तुम्ही असतात तर हा परिच्छेद १०२ केबीत बसत नाही म्हणून उडवला असता.

पत्र गेलं ते तुम्हाला माहीत आहे. सगळ्यात जुना फोन असलेल्या वैनींच्या हातात आधी चाचणीचं पत्र दिलं, त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, दोघींनी भाव तपासला आणि मग एकीनेच बटण दाबलं. तुमचा नियम पाळला. उत्तरं येताहेत आणि प्रत्येक उत्तराला आम्ही उत्तर देतोय. ठाण्याच्या एका बाईंनी लिहिलंय, डाळ निवडली, खडा निघाला नाही, रागवायची संधी हुकली, त्यामुळे आणखी पाच किलो पाठवा. नातीने ते काकूंना वाचून दाखवलं. काकू म्हणाल्या, "पुन्हा वाच." मग तिसऱ्यांदा वाचायला लावलं आणि शेजारणीला बोलावून आणलं.

तुमच्या पत्त्यावर डाळ पाठवली होती, त्याचे पैसे तुम्ही गुपचूप गटाच्या खात्यावर टाकलेत. ते आम्ही परत पाठवतोय, यावर चर्चा नाही. काकूंनी सोबत चिंचेचा एक गोळा दिलाय, चिंचोके काढून, मीठ लावून. तो बरणीत ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको.

चिंचेच्या पत्राचा मसुदा आम्ही लिहून सामायिक केलाय. यावेळी पहिली ओळच काकूंची आहे. रविवारी वेळ मिळाला तर बघा. ऑफिसचं काम असलं तर राहू द्या, वैनी वाचून दाखवतील आणि सोमवारी आम्ही पाठवून देऊ.

तुमची,
गटाची सचिव, आणि गच्चीवरच्या सगळ्या