छोट्यांची मतं वेगळी मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कंपन्यांच्या टेकओव्हरच्या (ताबा घेण्याच्या) बातम्यांत भाव काय, प्रमोटर म्हणजे कंपनी ज्याच्या ताब्यात तो कोण, हे सगळं येतं, पण ज्याच्याकडे पन्नास-शंभर शेअर आहेत त्याचं पुढे काय होतं ते फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

आयसीआयसीआय सिक्युरिटीजचंच बघा ना. आयसीआयसीआय बँकेने आपली ही कंपनी शेअर बाजारातून काढून पूर्ण स्वतःकडे घ्यायची ठरवली, १०० शेअरच्या बदल्यात बँकेचे ६७. बऱ्याच छोट्या शेअरहोल्डरांना हे कमी वाटलं, ऑनलाइन बोंबाबोंब झाली. मार्च २०२४ मध्ये मतदान होतं, आणि त्याआधी बँकेकडून मत द्या म्हणून फोन येतायत असं लोकांनी उघडपणे लिहिलं. जूनमध्ये सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, बँकेला त्याबद्दल ताकीद दिली, पण तोवर ठराव पास होऊन गेलेला, मग त्या ताकिदीचं करायचं काय?

अशा डिलिस्टिंगला (बाजारातून काढण्याला) पब्लिकची, म्हणजे प्रमोटर सोडून बाकीच्यांची, बाजूची मतं विरोधातल्यांच्या दुप्पट लागतात, इथे बाजूने साधारण ७२ टक्के पडली, म्हणजे काठावरच पास. पण या 'पब्लिक'मध्ये म्युच्युअल फंड, परदेशी फंड सगळेच आले. ते बाजूला काढले तर उरलेल्यांची दोन तृतीयांश मतं विरोधातच होती! आणि हा हिशेब काही मी घरी बसून केलेला नाही, कंपनी एक्सचेंजला निकाल पाठवते त्या तक्त्यात संस्था आणि बिगरसंस्था असे वेगळे रकाने असतातच, फक्त त्या शेवटच्या रकान्याला कुणी विचारत नाही.

ओपन ऑफरचं तसं नसतं. लिस्टेड कंपनीत कुणी २५ टक्के शेअरची रेषा ओलांडली की त्याला बाकीच्यांकडून आणखी किमान २६ टक्के शेअर घ्यायची ऑफर द्यावी लागते, भाव पटला नाही तर शेअर देऊ नका, तुमच्या डिमॅटमध्ये राहतो. स्कीममध्ये (शेअरच्या बदल्यात शेअर देऊन कंपनी घ्यायच्या वरच्यासारख्या योजनेत) मात्र तुम्ही विरोधात मत देऊनही शेअर जातोच.

बरं, ऑनलाइन ओरडणारे सगळेच धुतल्या तांदळाचे असतात असंही नाही, कुणी भाव वाढून मिळेल म्हणून आदल्या आठवड्यात शेअर घेतलेला असतो, आणि कित्येक जण तावातावाने पोस्ट टाकतात पण ई-व्होटिंगचा मेल उघडतसुद्धा नाहीत, तीन-चार दिवसांची मुदत असते, ओटीपी टाकून पाच मिनिटांचं काम. त्यांना काय बोलणार.

पण जे मत देतात, वर कोर्टकचेरी करतात त्यांची तरी दखल घ्या. इथे काही जण एनसीएलटीत (कंपन्यांच्या वादांसाठीच्या न्यायाधिकरणात) गेले, तिथे स्कीम मंजूर झाली, अपीलही मार्च २०२५ मध्ये फेटाळलं गेलं आणि त्याच महिन्यात शेअर बाजारातून गेला. आडवं आलं ते कंपनी कायद्याचं कलम २३०, स्कीमला हरकत घ्यायची तर १० टक्के शेअर हवेत. अहो, १० टक्के ज्याच्याकडे आहेत तो छोटा कशाला राहील?

म्हणून दोन गोष्टी सेबीने आणि सरकारने कराव्यात असं वाटतं. प्रमोटर स्वतःचीच लिस्टेड कंपनी गिळत असेल तर बिगरसंस्था शेअरहोल्डरांचं बहुमत वेगळं लागावं. आणि हरकतीची ती अट उतरवा. त्याच कंपनी कायद्यात कलम २४५ खाली १०० शेअरहोल्डर एकत्र आले की क्लास अॅक्शन (सगळ्यांच्या वतीने एकत्रित दावा) दाखल करता येते, मग स्कीमला हरकत घ्यायला तेवढे १०० जण का चालू नयेत?

आपला,
एक छोटा शेअरहोल्डर