डायरी लिहिणारा तो 'अज्ञात प्रवासी' पॅट्रिक ब्रीन होता

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत डोनर पार्टीवर, म्हणजे 1846-47 च्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियाला जाताना सिएरा नेवाडाच्या डोंगरात बर्फात अडकलेल्या तांड्यावर, लेख आला होता. मी सध्या सॅन होजेला मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेय, तर ई-पेपरवर वाचला. विषय निवडला त्याबद्दल आभार, पण लेखात दोनदा 'एका अज्ञात प्रवाशाच्या डायरीनुसार' असं लिहिलंय आणि बाकी सगळा लेख माणसांनी माणसाचं मांस खाल्लं याच्यावरच आहे, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

डायरी लिहिणारा अज्ञात नाहीये. त्याचं नाव पॅट्रिक ब्रीन, गाव आयर्लंडमधल्या कार्लो काउंटीतलं. 1828 ला तो आधी कॅनडात गेला, तिथून अमेरिकेत आयोवाच्या कियोकक भागात येऊन शेती केली, आणि 1846 च्या एप्रिलमध्ये बायको मार्गारेट, जिला सगळे पेगी म्हणायचे, आणि सात मुलं घेऊन बैलांच्या वॅगनीतून कॅलिफोर्नियाकडे निघाला. थोरला जॉन 14 वर्षांचा आणि धाकटी इझाबेला अंगावर पिणारी. बरोबर त्याच्याच देशातला पॅट्रिक डोलन नावाचा एकटा माणूस होता.

लोकांना वाटतं आयरिश म्हणजे बटाट्याच्या दुष्काळामुळेच पळालेले. ब्रीन त्या दुष्काळाच्या 17 वर्षं आधीच निघालेला होता. पण योग असा की 1847 च्या हिवाळ्यात तिकडे मागे त्याच्या देशात माणसं उपाशी मरत होती आणि इकडे सिएरा नेवाडाच्या बर्फात हा सात लेकरांना घेऊन उपाशी बसला होता. आमच्या पिढीने 72 चा दुष्काळ पाहिलाय, सुकडी खाल्लीये, त्यामुळे हे वाचताना नुसती गोष्ट म्हणून वाचवत नाही.

झालं काय, तर हेस्टिंग्ज नावाच्या माणसाने सांगितलेल्या शॉर्टकटने ही मंडळी गेली, मिठाच्या वाळवंटात बैल गेले, आठवडेच्या आठवडे वाया गेले आणि ऑक्टोबरच्या शेवटी सिएरा नेवाडातल्या ट्रकी तळ्यापाशी पोचतायत तोवर खिंड बर्फाने बंद. तिथे ब्रीन कुटुंबाला एक जुनं लाकडी खोपटं मिळालं, ते दोन वर्षांपूर्वी आलेल्या दुसऱ्या तांड्याने बांधलेलं, आणि त्या तांड्यात वेक्सफर्डचं मर्फी कुटुंब होतं, म्हणजे कार्लोच्या शेजारच्याच काउंटीचं! त्याच मर्फींचा मुलगा पुढे सनीवेलमध्ये जमीनदार झाला, तिथल्या मर्फी अव्हेन्यूवर आपली मराठी मंडळी शनिवार-रविवारी जेवायला जातात, नाव कुणाचं हे मात्र कुणी विचारत नाही.

20 नोव्हेंबर 1846 ला पॅट्रिकने लिहायला सुरुवात केली. 8 कागद घड्या घालून केलेली 32 पानांची छोटीशी वही, त्यातली 29 पानं भरलेली. हवा कशी, वारा कुठल्या दिशेचा, लाकडं आणायला किती त्रास, कोण गेलं. नाताळच्या सकाळी प्रार्थना केली, पुढचं भयंकर दिसतंय पण देवावर भरवसा आहे, एवढंच. त्याला मुतखड्याचा त्रास होता, बरेचदा उठता यायचं नाही, त्यामुळे घर पेगीने चालवलं हे लक्षात घ्या. बैलाची कातडी उकळून त्याची खळीसारखी लापशी करून खायची, तीही मोजून. अशात रीड नावाच्या दुसऱ्या कुटुंबाची आई आणि मुलं हिच्याच खोपटात आली, तर तिने जागा दिली, आणि 13 वर्षांच्या व्हर्जिनिया रीडला कातडी गिळवत नव्हती तिला गुपचूप मांसाचे तुकडे दिले. ती मुलगी जगली आणि 1847 च्या मे महिन्यात चुलतबहिणीला पत्र लिहिलं की शॉर्टकट कधी घेऊ नका आणि होईल तितक्या लवकर पुढे सरका. डोलन मात्र मदत आणायला निघालेल्यांबरोबर गेला तो वाटेतच वारला.

28 फेब्रुवारीची नोंद मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पाठीवर मोठं ओझं घेतलेला एक एकटा आदिवासी माणूस जवळून गेला आणि त्याने पॅट्रिकला कांद्यासारखी दिसणारी पाच-सहा मुळं दिली, चवीला रताळ्यासारखी पण धागेच धागे. ते तळं वाशो या आदिवासी लोकांच्या मुलखातलं, ओसाड नव्हतं. लेखात 'निर्मनुष्य प्रदेश' म्हटलंय ते कृपया दुरुस्त करा.

सुटका झाली तीही सरळ नाही. बचाव पथकाबरोबर निघाले तर वाटेत वादळात बर्फात अडकले, शेकोटी बर्फ वितळवत खोल खड्ड्यात गेली, तिथे मेलेल्यांचं मांस खाल्लं गेलं हे खरं आहे, लपवायचं कारण नाही. पण पुढच्या बचाव पथकातला जॉन स्टार्क नावाचा माणूस आला तेव्हा तिथे जिवंत 11 जण होते, त्यातले सात ब्रीन, त्यांची दोन मुलं आधीच्या पथकाबरोबर पुढे गेली होती. बरोबरचे म्हणाले एकेक पोर उचलू आणि निघू, याने ऐकलं नाही. दोन पोरं पुढे नेऊन ठेवायची, परत यायचं, पुढची दोन उचलायची, असं करत सगळ्यांना खाली आणलं. 87 जणांच्या तांड्यातली निम्म्याच्या आसपास माणसं गेली, ब्रीन कुटुंबातले नऊच्या नऊ वाचले. या स्टार्कचं नाव लेखात यायला नको का?

पुढचं तर लेखात अजिबातच नाही. 1848 च्या फेब्रुवारीत हे सॅन हुआन बाउटिस्टाला आले, स्पॅनिश मिशनचं म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रचाराच्या ठाण्याचं गाव, इंग्रजी बोलणारं पहिलं कुटुंब हेच. मेक्सिकन जनरल कास्ट्रोने आपल्या मातीच्या विटांच्या वाड्यात त्यांना राहू दिलं. त्याच वर्षी 16 वर्षांचा जॉन सोन्याच्या खाणींकडे गेला आणि 10-12 हजार डॉलरचं सोनं घेऊन घरी आला, त्यातून तो वाडा आणि शेतजमीन घेतली, वाड्यात खानावळ-मुक्काम सुरू केला. पॅट्रिक 1868 ला गेला, पेगी 1874 ला. मी मागच्या महिन्यात मुलाबरोबर जाऊन आले, घरापासून तासाभरावर आहे, वाडा अजून उभा आहे, वरच्या सज्जात उभं राहिलं की समोर मिशनचं चर्च दिसतं. डायरी बर्कलेच्या बँक्रॉफ्ट लायब्ररीत आहे, ऑनलाइन पानं बघता येतात. ट्रकीला त्या खोपट्याच्या जागी स्मारक आहे, त्याचा चौथरा 22 फूट, बर्फ किती होतं ते कळावं म्हणून तेवढा.

इझाबेला, ती अंगावर पिणारी, 1935 पर्यंत जगली, डोनर पार्टीतली शेवटची. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापाल तेव्हा पॅट्रिकबरोबर पेगीचंही नाव घ्या, एवढी विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सध्या मुक्काम सॅन होजे